गळाच्या जुन्या काठीची बदनामी

“त्या काठीत आता काही दम नाही राह्यला, बावा. फेकून दे नं.” दिवाळीला पुण्याहून घरी आलेलं पोरगं असो, नाहीतर काळी चकचकीत काठी मोटारसायकलला बांधून आलेला कुणी नवा हौशी असो, शहानूर नदीच्या काठावर एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात पिवळी पडलेली काठी दिसली की हा सल्ला ठरलेला. देणारा मनानं वाईट नसतो. पण त्यानं ती काठी हातात घेतलेली नसते, वाकवून पाहिलेली नसते, तिच्या कड्यांमधून बोटसुद्धा फिरवलेलं नसतं. रंग पाहिला आणि निकाल दिला. त्या निकालावर माझं हे अपील.

आधी त्यांचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडतो, नाहीतर उद्या म्हणतील की सोपं तेवढंच खोडलं. ते म्हणतात, प्रत्येक वस्तूला आयुष्य असतं. फायबरची काठी उन्हातान्हात थकते, बांबूला घुण लागतो, कड्या झिजतात, जोड ढिले होतात. कार्बनची नवी काठी निम्म्या वजनाची. माशानं आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी बोटांना कळतं. गळ लांब जातो. दोन-तीन हजारांत बरी काठी मिळते. वर्षातून एकदाच मोठा मासा लागणार असेल, तर त्या वेळी हातात बापाच्या काळातली काठी कशाला?

सुटं सुटं घेतलं तर यातलं बरंचसं खरं आहे. खोटा आहे तो शेवटी काढलेला निष्कर्ष. आणि तो खोटा का, हे कळायला मासा सुटतो तेव्हा नेमकं काय तुटतं ते पाहावं लागतं.

तुटतं ते तंगूस. तेही मधे कुठेतरी नाही. गाठीपाशी, नाहीतर कडीच्या धारेवर जिथं खरवडलं गेलं तिथं. नायलॉनचं तंगूस उन्हानं मरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि गळाचं सामान बहुतेक घरांत टिनाखाली, खिडकीपाशी नाहीतर सपरीतल्या खुंटीवर लटकलेलं असतं. रिळावरचं तेच तंगूस तीन-तीन, चार-चार वर्षं वापरलं जातं. वरचा थर उन्हानं कडक होतो, हातात घेऊन झटका दिला तर सुतासारखा तुटतो. मग पावसाळ्यानंतर एखादा बरा रोहू लागतो, पळतो, तंगूस कट्‌कन जातं आणि घरी येऊन सांगायचं काय? काठी जुनी झाली. पन्नास-शंभर रुपयांचं तंगूस बदलायचा कंटाळा, आणि त्याची शिक्षा काठीला!

काठी मोडतच नाही असं मी म्हणत नाही. मोडते, पण माशानं मोडलेली काठी आमच्या भागात शोधून सापडत नाही. ती मोडते मोटारसायकलवर, एसटीच्या दारात, कुणाच्या तरी पायाखाली. आणि सगळ्यात जास्त मोडते ती गळ अडकल्यावर. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडात गळ रुतला की माणूस काठी उभी धरून हिसके देतो. खरं तर काठी तंगुसाच्या रेषेत सरळ धरायची, हाताला दुपट्टा गुंडाळायचा आणि तंगूस हातानं ओढायचं. गळ तरी सुटेल, नाहीतर तंगूस तुटेल. काठीवर काहीच ताण येणार नाही. हिसक्यानं मोडणारी काठी कालची असली तरी मोडते. कार्बनची तर आधी मोडते.

आता “मोठ्या माशाला ताकदीची काठी लागते” हे पाहू. इथं वाद घालण्यापेक्षा मोजून टाकावं. वेचणीचा कापूस मोजायला शेतात जो छोटा लटकवायचा काटा नेतात तो घ्या. कवठाच्या झाडाला बांधा, तंगुसाचं टोक त्याला अडकवा, दहा-बारा पावलं मागे या आणि काठी नेहमीसारखी उभी, थोडी मागे झुकवून धरा. लावा जोर. दुसऱ्याला काटा वाचायला सांगा. हाताला वाटेल पाच किलोचा ताण आहे; काट्यावर किलो, फार तर दीड किलो दिसेल. कारण साधं आहे, शाळेत शिकवलेलं आहे: काठी ही तरफ आहे आणि तिचं आखूड टोक आपल्या हातात आहे. मूठ वीतभर, शेंडा सात फुटांवर. जोर आपल्याच मनगटाला सोसावा लागतो, माशापर्यंत त्याचा लहानसा हिस्सा पोचतो. म्हणजे माशाला काठीच्या ताकदीनं कुणी ओढून आणत नाही. काठी वाकते, झटके पोटात घेते, तंगूस वाचवते, आणि मासा स्वतःच पळून पळून दमतो. या कामाला लागते ती लवचीक काठी. जुनी फायबरची काठी मुठीपर्यंत कमानीसारखी वाकते; नव्या कडक काठ्या शेंड्याला वाकतात आणि खाली खांबासारख्या उभ्या राहतात. पातळ तंगूस, लहान गळ आणि मध्यम मासा असेल तर कुठली बरी, हे त्या कवठाखालीच ठरेल.

काही जण इतिहासाचा दाखला देतात. बांबू गेला, फायबर आलं; फायबर गेलं, कार्बन आलं; चांगलं आलं की वाईट जातं. हा इतिहास त्यांनी अर्धाच वाचलेला असतो. पाश्चात्य देशांत बांबूच्या सहा पट्ट्या चिरून, चिकटवून केलेल्या षटकोनी काठ्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम मानल्या जात. त्यासाठी लागणारा बांबू दक्षिण चीनमधून यायचा. १९५० साली कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकेनं चीनच्या मालावर बंदी घातली आणि कारखान्यांचा कच्चा मालच बंद झाला. महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या, त्यांना रान मोकळं मिळालं. त्या स्वस्त होत्या, एकसारख्या निघत होत्या, कारागीर लागत नव्हता, हेही खरंच. कार्बनचे तंतू १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत पुढे आले. त्यांची गरज विमानांना होती. मासेमारीच्या काठ्यांत ते पुढच्या दशकात शिरले. म्हणजे बांबू बाजारातून हटला त्यात युद्धाचा, बंदीचा आणि कारखान्याच्या सोयीचा वाटा मोठा. शहानूरच्या डोहात बसून बांबूची परीक्षा घेऊन त्याला कुणी नापास केलेलं नाही.

हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या अधिकाऱ्यानं भारतातल्या गळाच्या मासेमारीवर आख्खं पुस्तक लिहिलं ते १८७३ साली. महसीर हा त्याचा आवडता मासा. १९४६ साली मैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत काठीनं महसीर धरला, १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा. तेव्हा कार्बनची काठी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आता आमच्याकडे या. अंजनगावच्या माणसाच्या गळाला काय लागतं? कटला, रोहू, मृगळ, चिलापी, शिंगाडा, कधी मरळ, कधी वाम. किलो-दोन किलोचा मासा लागला तरी चौकात चर्चा होते. ५४ किलोंच्या माशाला त्या काळची काठी पुरली आणि तुमच्या दीड किलोच्या रोहूला ती पुरत नाही म्हणता?

वजनाचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. हलकी काठी कुणाला लागते? जो दिवसभर उभा राहून खोटं आमिष फेकतो, ओढतो, पुन्हा फेकतो, त्याला. मरळीसाठी रबरी बेडूक फेकणाऱ्याचं मनगट संध्याकाळपर्यंत भरून येतं. त्याला हलकी काठी हवी, हे मी बिनतक्रार मान्य करतो. पण आमच्याकडे दहातले नऊ जण काय करतात? गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावला, गळ टाकला, काठी बेचक्यावर ठेवली, तंबाखू मळली. वजन बेचकं सोसतं. काठी दीडशे ग्रॅमची आहे की अडीचशे, हे बेचक्याला विचारा. बोटांना कळण्याचा मुद्दाही इथंच निकाली निघतो: मासा लागला हे धांड्याचा तरंगता तुकडा पाण्यात बुडला की कळतं. बोटं तेव्हा चुन्याच्या डबीत असतात.

लांब फेकण्याचंही तसंच. शहानूर नदी गाविलगडाच्या डोंगरातून उतरते, आणि गावापाशी तिच्यात उन्हाळ्यात जे काही राहतं ते डोहांत राहतं. या डोहांच्या काठानं बेशरम माजलेली असते. मासा त्या बेशरमीच्या सावलीत, हातभर अंतरावर असतो. तुम्ही कार्बनच्या काठीनं चाळीस पावलं लांब, उघड्या पाण्यात गळ भिरकावता. तिथं ऊन आहे आणि पाणी आहे, दुसरं काही नाही. इथं कामाची काठी म्हणजे रीळ नसलेली, बारा-चौदा फुटांची बांबूची, शेंड्याला तंगूस बांधलेली. बेशरमीच्या दोन फांद्यांच्या मधोमध, उभ्या रेषेत, आवाज न करता आमिष खाली सोडायचं. मासा लागला की त्याला झुडपात शिरायची सवड न देता वर उचलायचा. हे काम सात फुटांच्या महागड्या काठीला करून दाखवा म्हणावं. धरणावर चित्र थोडं वेगळं आहे. पाणी उघडं आणि खोल, आणि उन्हाळ्यात ते मागे सरतं तेव्हा चिखलाचा पट्टा ओलांडून गळ टाकावा लागतो. तिथं रिळाची काठी पाहिजेच. पण रिळाची पाहिजे, नवी पाहिजे असं नाही.

बांबूची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरती सांगतो. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर, मेळघाटात जो बांबू वाढतो तो भरीव किंवा जवळपास भरीव असतो. ओलसर मुलखातला बांबू पोकळ, जाड, सरळसोट. आपला बारीक, चिवट, जरासा वाकडातिकडा. लाठ्या, तंबूंचे खांब, घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याच जातीच्या बांबूचे व्हायचे. अंजनगावात तो केळीच्या घडाला टेकू म्हणून येतो, आणि त्या टेकूंच्या ढिगातून चांगला सरळ दांडा हेरून ठेवणारे लोक गावात आहेत. तीन वर्षं वयाचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला दांडा घ्यावा. त्या दिवसांत बांबूत पिठूळ अंश कमी असतो आणि घुणाला खायला तोच हवा असतो. जुनी माणसं अमावस्येला तोडायला सांगतात. अमावस्येचं मला माहीत नाही, हिवाळ्याचं पटतं. दांडा काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत आडवा वाळवायचा. वाकडा असला तर निखाऱ्यावर फिरवून गरम करायचा आणि गुडघ्यावर दाबून सरळ करायचा. आमच्याकडचे बुरुड हे डोळे मिटून करतात. वापरून वापरून काठीला बाक आला, की त्याच निखाऱ्यावर तो काढताही येतो. नव्या काठीला बाक आला तर दुकानदार काय सांगतो? दुसरी घ्या.

आता तह. अंजनगाव-सुर्जीच्या माणसाला तहाचं वावडं नसावं. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांना याच गावात इंग्रजांच्या वेलस्लीशी तह करून दिल्ली, भडोच, अहमदनगर सगळं सोडावं लागलं होतं. मी एवढं सोडणार नाही. पण काही गोष्टी सोडतो, आणि त्या सोडल्या नाहीत तर माझी बाजूच खोटी पडेल.

पहिली गोष्ट कड्यांची. जुन्या काठीच्या कड्या साध्या लोखंडी, वर चमक दिलेल्या. नायलॉनच्या तंगुसाला त्या चालतात. पण हल्ली लोक विणलेला बारीक दोरा वापरतात. तो चिवट असतो आणि लोखंडाला करवतीसारखा कापतो. कडीत एकदा चर पडली की तीच चर पुढं तंगूस कापते. चर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून देवघरातली कापसाची वात घ्या, प्रत्येक कडीतून हलकेच फिरवत ओढा. तंतू अडकून राहिला, तर ती कडी गेली. आतून चिनी मातीसारखं गुळगुळीत कडं बसवलेली नवी कडी मिळते. जुनी दोऱ्याची गुंडाळी ब्लेडनं सोडायची, नवी कडी ठेवून शिलाईच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळायची, वर दोन हात वार्निश. दुपारभराचं काम. शेंड्याची कडी सगळ्यात आधी झिजते, तिथून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट दांड्याची. फायबरचा दांडा उन्हात वर्षानुवर्षं राहिला की वरचा चिकटा उडतो, हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते आणि बारीक कुसळं टोचतात. नुसती भुकटी असेल तर पॉलिश पेपर मारून वार्निश करा, काठी चालते. पण नख फिरवताना एखाद्या ठिकाणी आडवी रेघ लागली, किंवा काठी कानाजवळ धरून वाकवताना ‘टिक’ असा आवाज आला, तर ती काठी मेली. चिकटपट्टी गुंडाळून तिला जिवंत करू नका. जोडाच्या पितळी नळीला उभी चीर असेल तर तेच. बांबूतून पिवळं पीठ गळत असेल तर आत घुण आहे. ती काठी घरात इतर बांबूंजवळही ठेवू नका.

तिसरी गोष्ट सोडताना मला विशेष काही वाटत नाही: रीळ. जुन्या रिळाचे दाते झिजले, ब्रेकच्या चकत्या कडक झाल्या की मासा पळताना दोर सुटत नाही आणि झटका बसतो. रीळ नवं घ्या, खुशाल घ्या.

एवढं सोडल्यावर समोरच्यांना वाटेल की जिंकलं. पण पाहा, सोडलेल्यातली एकही गोष्ट काठीच्या वयाशी बांधलेली नाही. कडीतली चर एका हंगामात पडते. दांड्यावरची चीर दुकानातून घरी येतानाच्या आपटण्यानं पडते. कार्बनमध्ये तर हे जास्तच: शिशाचं वजन फेकताना एकदा दांड्यावर ठक्‌कन बसलं, वरून काही दिसलं नाही, आणि चार महिन्यांनी अर्धा किलोच्या माशावर काठीचे दोन तुकडे. “नवी आहे” म्हणून तिची वात-परीक्षा, नख-परीक्षा कुणी करत नाही. जुन्या काठीवर संशय घेतला जातो म्हणून ती तपासली जाते, आणि तपासलेली जुनी काठी न तपासलेल्या नवीपेक्षा बेभरवशाची कशी?

दुसऱ्या टोकाचे लोकही मला झेपत नाहीत. ‘जुनं ते सोनं’वाले. आजोबांची काठी म्हणून चिरलेला दांडा सुतळीनं आवळून आणतात, कडी तुटली तिथं तार वळवतात, आणि मासा सुटला की आजोबांच्या काळी मासेच इमानदार होते असं काहीतरी बोलतात. यांच्यामुळं जुन्या काठीचं नाव जास्त खराब झालंय. आजोबांनी ती काठी अशी ठेवली असती का? ते दर हंगामाआधी तिला जवसाचं तेल चोळत होते.

आणखी एक, ज्याबद्दल नवी काठी विकणारे बोलत नाहीत. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या वावरांवरून, कालव्यांवरून अकरा हजार व्होल्टच्या तारा लोंबतात, आणि फेकण्यासाठी मागे घेतलेली लांब काठी तिथपर्यंत पोचू शकते. बांबू ओला असला तर तोही भरवशाचा नाही. तेव्हा तारेखाली काठी कुठलीच उभी करू नये. पण कार्बनच्या काठीनं तर तारेच्या जवळपाससुद्धा फिरकू नये.

जाता जाता एक वाद, जो खरं तर काठीचा नाही. धरणातले मासे कुणाच्या बापाचे नाहीत, असं नवे-जुने दोघंही म्हणतात. तलावाचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यांच्या पोरांचं पोट त्यावर असतं. विचारून बसा. मेळघाटच्या राखीव जंगलात तर काठी न्यायचीच नाही, तीस वर्षं जुनी असो की कालची. आणि पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला, खाली मरळीची जोडी राखण करत असेल, तर तिथं गळ टाकू नका. तेव्हा मरळ भुकेनं आमिष धरत नाही, पिल्लांना वाचवायला धावून येते. ती उचलली की दिवसभरात इतर मासे पिल्लं संपवतात.

ज्याला नवी काठी घ्यायची हौस आहे, त्यानं घ्यावी. हौसेला कारण लागत नाही, आणि रबरी बेडकावर मरळ धरणाऱ्याला तर कारणही आहे. मात्र जुनीला भंगार म्हणून घरामागं टाकण्याआधी एक वात, एक नख आणि तो कापसाचा काटा, एवढं तरी करा. एवढं करूनही फेकायचीच ठरली, तर माझ्याकडे आणून टाका. कड्या मी बदलून घेईन. पुढच्या हंगामात तिच्यावर मासा लागलेला पाहून परत मागायला आलात, तर मिळणार नाही.